वाटेत उघडलेला डबा

मैनाबाई धकातेनं आपला डबा कधी दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायची तेव्हा नवऱ्याचा, देवरावचा, डबासुद्धा ती फाटकापर्यंत स्वतः न्यायची आणि सायकलच्या हँडलला स्वतः अडकवायची. लग्नाच्या पंगतीत तिनं केलेले पदार्थ तिच्या समोरच वाढले गेले पाहिजेत, नाहीतर बाई दोन दिवस धुमसत राहायची. असल्या बाईला कुणी सांगितलं की विमानात बसण्याआधी डबा एका सरकत्या पट्ट्यावर ठेवून द्यायचा आणि आपण दुसऱ्या बाजूनं रिकाम्या हातानं जायचं, तर ते तिच्या पचनी पडणार कसं?

मुलगा अंकुश तिला प्रताप नगरहून विमानतळावर सोडायला निघाला, तेव्हा सगळा रस्ताभर तो हेच समजावत होता. त्यानं मोबाइलवर नियम वाचले होते. लाडू, बर्फी, करंजी चालते. लोणचं नको, तुपाची बाटली नको, आणि अख्खं सुकं खोबरं तर मुळीच नको, त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणतात. करंज्यांत खोबरं आहे, पण किसलेलं आणि भाजलेलं, म्हणजे हरकत नसावी. तरी डबा मोठ्या बॅगेत घालून खाली सामानात देऊन टाक, असं तो परत परत सांगत होता. मैनाबाईनं डबा मांडीवरून हलवला नाही. लोकांच्या चपला-बुटांच्या बॅगांखाली हा डबा जाणार नव्हता, विषय संपला.

"आई, करंज्यांशिवाय अजून काही नाही ना त्याच्यात?" गाडी लावता लावता त्यानं विचारलं.

"काय असन बाप्पा?" मैनाबाई म्हणाली.

हे उत्तर तिनं मनापासून दिलं होतं. ते पुढं किती महागात पडणार होतं, हे तिला कुठून कळावं.

डबा तेरवीचा, तेराव्या दिवसाचा, होता. मैनाबाईची मुलगी प्रणाली बंगळुरूला राहायची. तिचा नवरा, चंदन, सकाळी बूट घालता घालता खाली बसला तो परत उठला नाही. धडधाकट माणूस, चाळिशीही गाठली नव्हती. बातमी आली तेव्हा देवराव दम्यानं दवाखान्यात ऑक्सिजनवर होते, त्यामुळे मैनाबाईला नागपूर सोडता आलं नाही. अंकुश एकटा जाऊन आला. आईनं लेकीचं रडणं फोनवर ऐकलं, आणि ज्यानं असं ऐकलं असेल त्यालाच त्याचं दुःख ठाऊक. हात पुढं करावा तर समोर दवाखान्याची भिंत. नवऱ्याला घरी आणल्यावर मैनाबाईनं एकच गोष्ट ठरवली होती. तेरवीला माहेरचं गोड घेऊन आपण स्वतः जायचं.

त्यांच्यात रीतच तशी आहे. ज्या घरात माणूस गेला त्या घरात तेरवीपर्यंत कढई चढत नाही, गोड होत नाही. तेरवीला मुलीच्या माहेराहून तळणाचं गोड येतं, ते तिच्या तोंडात पडतं, मग घर पुन्हा हळूहळू चालायला लागतं. करणाऱ्या बाईनं ते आधी चाखायचं नसतं. डबा वाटेत उघडायचा नसतो. आणि लेकीनं खाल्ल्याशिवाय आईनंही गोड खायचं नसतं. चंदन गेल्यापासून मैनाबाई चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होती.

प्रणालीनं मात्र फोनवर स्पष्ट सांगून टाकलं होतं, की डबा आणू नको, मी खाणार नाही, आता मला काहीच गोड नको. हे तिनं रडत सांगितलं असतं तर मैनाबाईला एवढी धास्ती वाटली नसती. ती शांतपणे बोलली. अगदी अशाच शांतपणे बोलणारी एक बाई मैनाबाईच्या सख्ख्या नात्यातच होती.

ती म्हणजे तिची थोरली बहीण बायजाबाई. उमरेडच्या विणकराच्या दोन लेकी, एकाच मागाखाली खेळून मोठ्या झालेल्या. बायजाबाई पारशिवनीला दिली, आणि तिचा नवरा ऐन तारुण्यात तापानं गेला. तेरवीला बाप उमरेडहून गोडाचा डबा घेऊन निघाला. वाटेत एसटी बिघडली, दुसऱ्या गाडीत चढताना गर्दीत डबा पडला आणि झाकण उघडलं. दोनच करंज्या मातीत गेल्या होत्या, बाकीच्या डब्यातच होत्या. पण बाप रीतीचा पक्का. डबा वाटेत उघडला, आता हे गोड लेकीच्या घरी न्यायचं नाही, म्हणून तो तिथूनच परत फिरला. पुन्हा करून आणू म्हणाला. पुन्हा आणायचं ते कधी जमलंच नाही, मागाच्या कामात राहून गेलं. तेव्हापासून बायजाबाईनं गोड तोंडात घातलं नाही. कुणी आग्रह केला तर ती शांतपणे म्हणायची, "माहं आलंच नाही ना वं." सगळ्या नात्यात करंजीची मुरड तिच्याइतकी सुरेख कुणाची नाही, आणि खाणं मात्र शून्य. माणसं याचं कौतुक करायची. मैनाबाईला त्या कौतुकाचा राग यायचा.

तर हीच बायजाबाई आदल्या दिवशी पारशिवनीहून बसनं आली आणि दोघी बहिणींनी कढई चढवली. तिन्हीसांजेला डबा भरून झाला. वरच्या थरात बायजाबाईनं एक लोखंडी खिळा उभा खोचला आणि शेजारी कोळशाचा तुकडा ठेवला. तळणाचं गोड घराबाहेर न्यायचं तर त्याला नजर लागू नये, वाटेत काही मागे लागू नये, म्हणून हे करायचंच. खिळा बापाच्या मोडीत निघालेल्या मागाचा होता, आणि कोळसा कोराडीचा, तिथं राहत असल्यापासून मैनाबाईच्या घरात डबीभर जपून ठेवलेला. मग झाकणाच्या कडेनं कणकेची वळी फिरवून डब्याचं तोंड बंद केलं, डबा जाड सुती कापडात शिवला, आणि मैनाबाईनं वर विणकराची गाठ मारली. या खिळ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, असं बायजाबाईनं बजावलं. ते बजावायची गरज नव्हती. करंजीत मीठ किती हे जसं कुणी सांगत बसत नाही, तसा तो खिळा मैनाबाईच्या लेखी डब्यातली वेगळी वस्तू नव्हतीच.

अंकुश विमानतळाच्या दारातच थांबला, त्याला आत सोडत नव्हते. मैनाबाई पहिल्यांदाच विमानानं निघाली होती. कागद दाखवला, मोठी बॅग दिली, विचारत विचारत तपासणीच्या रांगेत लागली. पुढच्यांचं पाहून तिनं बांगड्या मागे सारल्या, चपला काढायच्या का ते विचारलं, आणि शेवटी डबा एका ट्रेमध्ये ठेवला. ट्रे मशीनच्या काळ्या झालरीआड दिसेनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

बायकांच्या तपासणीतून ती बाहेर आली, तर पट्टा थांबला होता. मशीनसमोर बसलेला माणूस पडद्याकडे वाकून पाहत होता. पट्टा मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे गेला. त्यानं हात करून एका वर्दीतल्या मुलीला बोलावलं आणि मैनाबाईचा ट्रे सगळ्यांच्या ट्रेंमधून बाजूला सरकला.

"ही कापडाची पिशवी कोणाची?" त्या मुलीनं विचारलं. तिच्या छातीवरच्या पट्टीवर दिपाली असं नाव होतं. बोलणं मराठीच, पण पुण्याकडचं.

मैनाबाई पुढं झाली. यात काय आहे, तर करंज्या आहेत. आणखी काय, तर आणखी काही नाही. दिपालीनं पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. मैनाबाईनं पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी जरा फणकाऱ्यानं.

मग दिपालीनं तिला पडद्यासमोर नेलं. मैनाबाईला आधी काही उमगेना. नंतर दिसलं. नारिंगी रंगात एकीत एक बसवलेल्या तिच्या करंज्या, कडेनं कणकेचं जाड कडं, आणि मधोमध, काळाभोर आणि सरळ, तो खिळा. खिळ्याला लागून कसलासा गोळा.

दोनदा नाही म्हणून झालं होतं. मैनाबाईच्या कानशिलात रक्त तापलं. तिला आयुष्यात कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं, आणि आता ती वर्दीतल्या माणसांसमोर सरळसरळ खोटारडी ठरली होती. मशीनवरचे साहेब हिंदीत म्हणाले, की माताजी, हे लोखंड काय आहे आणि डबा असा चिणून का टाकलाय? मागची रांग दुसरीकडे वळवली गेली. लोक पाहायला लागले. एका बाईनं आपलं मूल जवळ ओढलं, ते मैनाबाईला सर्वांत जास्त लागलं.

तिनं अखेर सांगितलं. नजर लागू नये म्हणून खिळा आहे, कोळसा आहे. दिपालीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला हे ठाऊक आहे, तिच्याही घरी कुणी आजी असेल. पण साहेबांना तिनं ते हिंदीत सांगितलं तेव्हा ते कुणालाही पटणार नाही असंच ऐकू आलं. डबा उघडावा लागेल, ते म्हणाले.

"हा डबा वाटेत उघडता येत नाही," मैनाबाई म्हणाली.

दिपालीनं आवाज चढवला नाही. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. उघडला तर तपासून पाहू. नाही उघडला तर डबा इथं ठेवा आणि तुम्ही जा, तुम्हाला कुणी अडवणार नाही. नाहीतर बाहेर जाऊन मुलाच्या हाती देऊन या, पण मग विमान मिळेल याची खात्री नाही. तेवढ्यात वरच्या भोंग्यातून बंगळुरूच्या विमानाची घोषणा झाली.

मैनाबाई तिथंच उभी राहिली. तिला बाप दिसला. उमरेडच्या रस्त्यावर, धोतराचा सोगा धरून, डबा काखेत घेऊन माघारी वळलेला. रीत पाळली म्हणून गावानं त्याला चांगलंच म्हटलं होतं. त्या डब्यात धड करंज्या होत्या, आणि पारशिवनीला एक पोर दाराशी बसून वाट पाहत होती, हे कुणी बोललं नाही. एकदा परतलेला डबा पुन्हा जात नाही, हे तिला घरातच बघायला मिळालं होतं.

तिनं कात्री लावू दिली नाही. गाठ तिची होती, ती तिनंच सोडवली. लहानपणी तुटलेले धागे क्षणात सांधणारी बोटं, पण आज गाठ लवकर सुटेना. कणीक वाळून कडक झाली होती, ती तुकड्यातुकड्यांनी पडली. झाकण निघालं आणि तळणाचा, वेलदोड्याचा वास त्या पांढऱ्या फरशीवर पसरला. दिपालीनं हातमोज्याच्या चिमटीनं खिळा काढला, कोळसा काढला, दोन्ही एका बाजूच्या डब्यात टाकले. बापाच्या मागाचा खिळा तिथं जप्त केलेल्या कात्र्या आणि लायटरांत जाऊन पडला. मग एका पट्टीनं डब्याची कड पुसून ती पट्टी दुसऱ्या मशीनमध्ये घातली. सगळे त्या मशीनकडे पाहत राहिले. मशीननं काही नाही म्हणून सांगितलं.

मैनाबाईनं झाकणाला हात घातला, तर साहेब थांबा म्हणाले. दोनदा काही नाही म्हणालात आणि खिळा निघाला. आता मी सांगतो ती एक खाऊन दाखवा.

मैनाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं दिपालीकडे पाहिलं. दिपालीनं तेच मराठीत सांगितलं.

"मी नाही खात गोड," मैनाबाई म्हणाली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या, आणि जाणारच. स्वतः केलेलं खायला बाई नाही म्हणते, तर कुणाच्याही मनात पाल चुकचुकेल. दिपालीनं विचारलं, साखरेचा आजार आहे का. आता हो म्हटलं की सुटका होती. मैनाबाईनं तोंड उघडलं, पण तिसरं खोटं तिला बोलवेना.

"माहा जावई गेला," ती म्हणाली. "आज तेरवी हाये. पोरीनं खाल्ल्याबिगर मले खाता येत नाही."

चंदन गेल्यापासून हे शब्द तिनं कुणाला सांगितले नव्हते. नातेवाइकांना अंकुशनं कळवलं, शेजाऱ्यांना आपोआप कळलं. पहिल्यांदा बोलली ती या परक्या पोरीशी, उघड्या डब्यासमोर. दिपालीनं खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

दिपाली साहेबांशी हलक्या आवाजात बोलली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं, तरी मान नकारार्थी हलवली. त्याचंही खरंच होतं, अशा गोष्टी सांगून काय काय आत नेणारे त्यानं ऐकले असतील. दिपाली परत आली.

"आई, एक घास खा, नाहीतर डबा इथं ठेवा. माझ्या हातात यापलीकडे काही नाही."

भोंग्यातून पुन्हा घोषणा झाली, आणि या वेळी आडनावाची पार वाट लावून मैनाबाईचं नाव पुकारलं. शेवटची सूचना होती.

साहेबांनी दाखवलेली करंजी मैनाबाईनं उचलली. बायजाबाईच्या मुरडीची होती. तिनं डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. दात लावला. खुसखुशीत आवरण तुटलं, खोबरं आणि साखर जिभेवर आली, आणि इतक्या दिवसांनी ती गोडी अंगात अशी पसरली की मैनाबाईला स्वतःचीच शरम वाटली. जावई मेला आणि करंजी गोडच लागत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. चावत राहिली. गिळायला फार वेळ लागला, पण गिळलं. अर्धी करंजी हातात उरली, ती काही केल्या घशाखाली उतरणार नव्हती. तिनं ती डब्यात एका कडेला ठेवून दिली.

साहेबांनी हात केला, जा. दिपालीनं झाकण लावलं, कुठून तरी चिकटपट्टी आणून गोल फिरवली, आणि डबा मैनाबाईच्या हाती देऊन तिला दंडाला धरून दारापर्यंत पळवत नेलं. कापड तिथंच राहिलं.

विमानात शेजारच्यानं पट्टा बांधून दिला. नागपूर खाली कधी गेलं ते मैनाबाईनं पाहिलं नाही. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. डबा उघडला, रखवाली काढून टाकली, उष्टा झाला, आणि पोरीच्या आधी आपण खाल्लं. एक रीत म्हणून शिल्लक ठेवली नव्हती. विहीणबाई काय म्हणतील ते म्हणोत. पण प्रणाली आधीच नको म्हणत होती, आता तर तिला कारणच मिळालं. चिकटपट्टी काढून गुपचूप दुसऱ्या डब्यात करंज्या भरल्या तर कुणाला कळणार होतं? हा विचार तिच्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला.

बंगळुरूला चंदनचा भाऊ चंद्रभान घ्यायला आला होता. घरात बायका बसलेल्या, चंदनच्या फोटोला हार. प्रणाली आतून आली. तिच्या हाताची हाडं दिसत होती. ती आईच्या गळ्यात पडली नाही, नुसती समोर येऊन उभी राहिली. मैनाबाईनंच तिला ओढून घेतलं तेव्हा कुठं ती सैल पडली, पण रडली नाही.

विहीणबाईंनी डबा फोटोपुढं ठेवायला हात पुढं केला आणि चिकटपट्टीकडे पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. मैनाबाईनं डबा सोडला नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं, खिळ्यापासून घासापर्यंत, काही न गाळता. मग एका म्हाताऱ्या आत्याबाईनं हळूच सुचवलं, की आता बाजारातनं काहीतरी पेढेबिढे आणलेले बरे.

प्रणालीनं आईच्या हातून डबा घेतला. पट्टी सोलून काढली, झाकण उघडलं, आणि कडेची अर्धी करंजी उचलून पाहिली. तिच्यावर दातांची खूण होती.

"ही तुही हाये?"

"हो वं."

"सगळ्यांसमोर खाल्ली?"

"नाही खाल्ली असती तं डबा तिथंच राह्यला असता. मले परत नव्हतं जायचं."

प्रणाली त्या तुकड्याकडे पाहत राहिली. "अर्धी माह्यासाठी ठेवली ना?" तिनं विचारलं.

खरं तर गिळवत नव्हती म्हणून राहिली होती. मैनाबाईनं मान डोलावली. दिवसातलं हे तिचं तिसरं खोटं, आणि याचं तिला काही वाटलं नाही.

प्रणालीनं आईच्या दातांची खूण होती तिथंच दात लावला. लहानपणी ती असंच आईच्या हातचं उष्टं ओढून खायची. दोनदा चावलं आणि मग ती रडायला लागली, तोंडात घास तसाच ठेवून, मोठ्यानं. विहीणबाईंनी पाणी आणलं. मैनाबाईनं लेकीच्या पाठीवर हात फिरवत तिला तो घास गिळायला लावला, आणि तो तुकडा संपेपर्यंत शेजारून उठली नाही.

दुपारी बायजाबाईचा फोन आला. डबा पोचला का, विचारलं. पोचला म्हटलं. वाटेत उघडला तं नाही ना, विचारलं. मैनाबाई म्हणाली, उघडला. खिळाही गेला, कोळसाही गेला, आणि मीच आधी खाल्ली.



"पोरीनं खाल्ली?" बायजाबाईनं विचारलं.

"खाल्ली, बाई."

बायजाबाई नेहमीच्याच त्या शांत आवाजात म्हणाली, "एखादी उरली असन तं माह्यासाठी घेऊन येजो."